समुद्राकडे पाठ करून

सासूबाई न्यूझीलंडला, ऑकलंडजवळच्या पापाकुराला आमच्याकडे येऊन पाच महिने झाले होते. एके दिवशी चहा पिता पिता त्या म्हणाल्या, "यावेळी गेले की मी परत यायची नाही. सोलापुरातच राहीन."

सोलापुरात त्या एकट्या. मागच्याच वर्षी न्हाणीघरात पडल्या, तर दोन तास कुणाला पत्ता नव्हता. नवऱ्याने विचारलं, "इथे काय कमी आहे, आई?"

त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माणसं."

बाहेर खरंच कुणी नव्हतं. हिरवळ होती, गाड्या होत्या, एक मांजर होतं.

माझा नवरा इंजिनियर. कुठल्याही दुखण्यावर त्याचं औषध एकच, सहल. आईचं मन रमावं म्हणून त्याने स्पेनमधलं समुद्रकाठचं एक जुनं गाव शोधून काढलं. तिथे पोचायला ऑकलंडहून दीड दिवस लागतो. आमच्या घरापासून वीस मिनिटांवर समुद्र आहे, हे मी सुचवून पाहिलं. "तो वेगळा," तो म्हणाला. महाबळेश्वरला निघाल्यासारखी त्याने अकरा पॉइंटांची यादीही छापून आणली: किल्ला, निळ्या घुमटाचं चर्च, दीपगृह, मासळीचा लिलाव आणि आणखी काय काय.

भर दुपारी अडीचला पोचलो तर गाव बंद. दुकानांची शटरं खाली, चर्चला कुलूप, रस्त्यावर चिटपाखरू नाही. नवऱ्याचा चेहरा उतरला. सासूबाई मात्र पाच महिन्यांत पहिल्यांदा खुलल्या. "जेवून झोपलेत. शहाणी माणसं आहेत."

संध्याकाळी साडेसहाला न्यूझीलंडच्या सवयीने आम्ही जेवायला हजर. हॉटेलवाला फरशी पुसत होता. जेवण साडेआठनंतर, असं त्याने बोटांनी सांगितलं आणि लग्नाला आदल्या दिवशीच येऊन ठेपलेल्या पाहुण्यांकडे बघावं तसं आमच्याकडे बघितलं. शेवटी सासूबाईंच्या पिशवीतली कडक भाकरी आणि शेंगांची चटणी बाहेर निघाली.

गाव देखणं होतं, उगाच खोटं कशाला बोलू? पांढरी घरं, सज्जासज्जात लाल फुलं, आणि पाणी इतकं निळं की माझ्या बहिणीला फोटो खोटे वाटले. किनाऱ्यावर जुन्या होडीत वाळू भरून, तिच्यावर विस्तव करून मासे भाजत होते. सासूबाई नाकाला पदर लावून पुढे गेल्या. साखरेत घोळवलेले गरम चुरो मात्र त्यांनी दोन खाल्ले. "कडबोळीच आहे, मीठ घालायचं विसरलेत." किल्ल्याच्या चौदाव्या पायरीवर त्या बसल्या त्या बसल्याच.

"वर काय आहे?"

"समुद्र दिसतो, आई," नवरा म्हणाला.

"तो इथूनही दिसतोय."

अकरापैकी अडीच पॉइंट झाले आणि सासूबाई हरवल्या. आम्ही अर्धं गाव पालथं घातलं. त्या सापडल्या आम्ही उतरलो होतो त्याच घराच्या मागच्या गल्लीत. ऊन कललं की तिथल्या म्हाताऱ्या आपापल्या घरातून खुर्ची बाहेर आणून बसत. समुद्र पन्नास पावलांवर, आणि सगळ्या त्याच्याकडे पाठ करून, तोंडं येणाऱ्याजाणाऱ्यांकडे. त्यांच्या ओळीत एक जादा खुर्ची आली होती आणि तिच्यावर सासूबाई होत्या, सुती साडीत आणि स्पोर्ट्स शूजमध्ये. त्या मराठीत बोलत होत्या, बाकीच्या स्पॅनिशमध्ये, आणि कुणाचंही काही अडत नव्हतं. चटणी फिरत होती. एकीला जोरात ठसका लागला. डोळे पुसून तिने पुन्हा हात पुढे केला.

मग रोज तेच. लेक यादी घेऊन दारात, आई गल्लीत. जेवताना त्या बातम्या द्यायच्या. "निळ्या दारवालीच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. तिच्या शेजारणीचं सुनेशी पटत नाही."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कळतं."

एकदा मी गल्लीच्या तोंडाशी आले, तर सासूबाई उभ्या राहून कुणाची तरी नक्कल करत होत्या. कानाला फोन, काखेत पर्स, तुरुतुरु चाल. म्हाताऱ्या हसून हसून बेजार. मग एकीने मला पाहिलं आणि सगळ्या चिडीचूप झाल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण नक्कल हुबेहूब होती.

परत आल्यावर तिसऱ्याच दिवशी मी कामावरून घरी येते, तर फुटपाथलगतच्या गवतावर आमच्या डायनिंग टेबलाच्या खुर्च्या. एकीवर सासूबाई, चार रिकाम्या.

"सहावी कुठेय?"

"एक माणूस घेऊन गेला. गाडी थांबवून त्याने खुर्चीकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, बसा की. तो 'स्वीट अ‍ॅज' म्हणाला आणि उचलून घेऊन गेला. आणून देईल."

'स्वीट अ‍ॅज' म्हणजे इथल्या बोलीत 'झकास'. आमच्याकडे घराबाहेरच्या गवतावर सामान ठेवलं की हवं त्याने न्यावं, असा रिवाज आहे. आमचा जुना सोफा असाच दहा मिनिटांत गेला होता. हे सांगताना माझा आवाज चढला.

"आणून देईल," त्या म्हणाल्या.

चार संध्याकाळी त्या बाहेर बसल्या. लोक कुत्री फिरवत जायचे, "हाय" म्हणायचे आणि पाय उचलायचे. एका बाईने विचारलं, किल्ली घरात राहिली का? एकाने काळजीने पाण्याची बाटली दिली. बसलं कुणीच नाही. पाचव्या दिवशी त्यांनी खुर्च्या बाहेर काढल्याच नाहीत. "तिकीट काढ म्हणावं त्याला," त्या मला म्हणाल्या.

मला वाईट वाटलं. इतकं, की माझं मलाच नवल वाटलं, कारण पाच महिने आम्ही दोघी कुकरच्या शिट्ट्यांवरून भांडत होतो.

दुसऱ्या दिवशी घरी येताना पलीकडच्या रस्त्यावर एका व्हरांड्यात आमची खुर्ची दिसली. गादीवरचा हळदीचा डाग मी कुठेही ओळखीन. तणतणत फाटक उघडून आत गेले. खुर्चीत एक माओरी आजी बटाटे सोलत बसल्या होत्या. मी फार्मसीत काम करते, तिथे दर महिन्याला गोळ्या न्यायला येतात त्याच.

"किया ओरा!" त्यांनी खूश होऊन माओरीत नमस्कार केला. "बघ, मुलाने आणली. सोफ्यावरून मला उठता येत नाही, हिच्यावरून येतं. कुणीतरी भल्या बाईने दिली."

माझं भांडण घशातच राहिलं. "त्या माझ्या सासूबाई," मी म्हटलं. "त्यांनी खुर्ची दिली नव्हती. बसायला बोलावलं होतं."

आजींनी सुरी खाली ठेवली. "अरेरे. मग मला फारच उशीर झाला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाई खिडकीशी मेथी निवडत होत्या. रस्त्याने आजींचा मुलगा खुर्ची डोक्यावर घेऊन पुढे आणि मागून आजी काठी टेकत. सासूबाई मेथी तिथेच टाकून अनवाणी बाहेर धावल्या. जाता जाता मला म्हणाल्या, "आणून देईल म्हटलं नव्हतं?"

तासाभराने मी चहा घेऊन गेले. गवतावर दोन खुर्च्या. आजींच्या डोळ्यांतून हसून पाणी येत होतं आणि सासूबाई उभ्या होत्या. कानाला हात, काखेत काल्पनिक पर्स, तुरुतुरु चाल.

"आई," मी म्हटलं, "तिकिटाचं काय करायचं, विचारतोय तो."

"आत्ता मध्ये मध्ये करू नकोस," त्या म्हणाल्या. "फोन आत ठेव, आणखी एक खुर्ची आण आणि बस जरा."