एकच शीट बाकी

"एकच शीट बाकी, हिंगोली, एकच शीट बाकी," असं तो ओरडायचा तेव्हा काळीपिवळी जीपमध्ये ड्रायव्हरसुद्धा बसलेला नसायचा.

सेनगावच्या जीप स्टँडवर हिंगोलीच्या सवाऱ्या पुकारणं हा त्याचा धंदा. अख्खं स्टँड त्याला मामा म्हणायचं. तोंडानं तो सवाऱ्यांशी खोटं बोलायचा आणि त्याच वेळी डोक्यावर धरलेल्या हातानं ड्रायव्हरला खरं सांगायचा. जितकी बोटं उघडी, तितक्या शिटा रिकाम्या. मूठ मिटली की गाडी भरली, हाण. एकाच अंगात अशा दोन चुली मी दुसऱ्या कुणाच्या पाहिल्या नाहीत.

आवाज म्हणाल तर स्टँडवरच्या माझ्या चहाच्या हॉटेलातल्या कपांना तडे त्याच्यामुळेच जायचे. त्याची सकाळची पहिली हाक ऐकून सिद्धेश्वर धरणातले मासे काठाला येऊन बसतात, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो. हिंगोलीहून नुकत्याच उतरलेल्या एका पाहुण्याला त्यानं परत हिंगोलीच्याच गाडीत कोंबलं होतं. बिचारा अर्ध्या वाटेत भानावर आला.

बूड टेकणं त्याला माहीतच नव्हतं. चहासुद्धा चालता चालता. कप माझा, फेऱ्या त्याच्या.

मग त्याची बोटं सुजली. सकाळी मूठ मिटेना, दुपारी उघडेना. ड्रायव्हरांचा घोळ सुरू झाला. "मामा, दोन म्हणता का तीन? का नुसताच आशीर्वाद?" असं विचारायचे. तो हात खिशात घालायचा आणि आणखी जोरात ओरडायचा. पण नुसत्या तोंडावर कोण गाडी सोडणार? हात गेला तर धंदा गेला, हे त्याला पुरतं कळलेलं होतं.

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं त्यानं मला फेऱ्या मारत ऐकवलं.

"ओ हाटेल, माह्या रगतात एक पुकाऱ्या हाय. इंटरल्यूकिन सहा नाव त्याचं."

"सहा जण हायेत का?"

"येकच हाय, नंबर सहा. भाईरून रोग घुसला की ह्यानं वरडायचं. मंग आंग तापतं, आतली फौज धावती. काम चांगलं हाय त्याचं. पण माहा येडा झाला. रोग न्हाई, काई न्हाई, बोंबलूनच राहिला. फौज येती अन् माहेच सांधे बदडती."

"म्हणजे गाडीत कुणी न्हाई, अन् एकच शीट बाकी."

तो जागच्या जागी थांबला. थांबलेलं मी त्याला तेव्हाच पाहिलं. "व्हय," म्हणाला, "माह्यावरच गेलं बेनं."

त्या पुकाऱ्याचं तोंड दाबायची इंजेक्शनं सुरू झाली. काही महिन्यांत बोटं मोकळी झाली, डोक्यावर पुन्हा खरं बोलू लागली. फक्त बाईंनी बजावलं होतं की आता खराच रोग आला तरी आतला ओरडेलच असं नाही, ताप येईलच असं नाही. खोकला-धाप दिसली की तापाची वाट पाहायची नाही, दवाखाना गाठायचा.

आणि आमच्याकडं आजार ठरतो तो कपाळाला उलटा हात लावून. गरम लागला तर आजारी, थंड लागला तर नाटकी.

सोयाबीनच्या काढणीत, सगळीकडं भुसा उडत असताना, तो खोकायला लागला. भुशाचं असेल, असं तोही म्हणाला. एका सकाळी मात्र तो स्वतःच सवारी होऊन जीपमध्ये चढला. ओठ निळसर. "हिंगोलीला ने. आत्ता."

ड्रायव्हरनं कपाळ चाचपलं. "थंडगार हाय की मामा. काहून घाई करता? भरू द्या गाडी."

"आतला गप हाय रे," तो धापा टाकत म्हणाला.

मी धावत जाऊन इंटरल्यूकिन समजावू लागलो. ड्रायव्हर म्हणाला, "तुमचे मासे आले का काठाला?" जन्मभर थापा मारल्याची माझी कमाई ती.

गाडी भरायची तर पुकारायला हवं, आणि पुकारणारा आत बसलेला. शेवटी मामाच खाली उतरला. तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. मग त्यानं हात वर धरला. चार बोटं.

मुका मामा स्टँडनं कधी पाहिला नव्हता. बाजाराला निघालेले दोघं गुपचूप येऊन बसले. दोन बोटं. लेकरू कडेवर घेतलेली एक बाई चढली. एक बोट.

एकच शीट बाकी होती, आणि या खेपेला ते खरं होतं. मी गॅस बंद केला आणि जाऊन बसलो. हिंगोलीत मला कवडीचं काम नव्हतं. मामा माझ्या शेजारी टेकला, हात खिडकीबाहेर काढला, मूठ मिटली.

त्या दिवशी चाकं रस्त्याला लागली नाहीत, असं मी सांगतो. पण ती लागत होती, आणि प्रत्येक खड्ड्याला मामा माझ्या खांद्यावर कलंडत होता.

दवाखान्यात निमोनिया निघाला. दोन्ही फुप्फुसं भरलेली. वसमतहून त्याची लेक पोचली तेव्हा तो तिला ओळखत होता. दिवस कलता कलता मामा गेला.

मी आणि ड्रायव्हर परतायला निघालो. हिंगोलीच्या स्टँडवर जीपला घाईघाईनं एकजण आडवा आला. "सेनगाव ना? हाय का एखादी शीट?"

माझ्या शेजारची जागा रिकामी होती. ड्रायव्हरनं त्याच्याकडं पाहिलं नाही. खिडकीतून हात बाहेर काढला आणि मूठ मिटली.