फळं तेवढी पुष्पाताईंकडे

राहुलचा फोन आला तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर यादी करत बसले होते. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी साडेदहाला सगळे क्लबहाउसमध्ये जमतात. प्रत्येक घरातून एक पदार्थ येतो आणि कुणी काय आणायचं ते मी ठरवते. बँकेत तीस वर्षं हाताखालच्या माणसांना कामं वाटून दिली, ती खोड निवृत्त झाल्यावरही सुटली नाही. इडल्या तळमजल्याकडे, ढोकळा तिसऱ्या मजल्याकडे असं चाललं होतं. "फळं – पुष्पाताई" हे तर मी सगळ्यांत आधी लिहून टाकलं होतं, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. राहुल म्हणजे पुष्पाताईंचा मुलगा. म्हणाला, "काकू, आई गेली. सकाळी चहाचा कप घेऊन बसली आणि..." मी "आलेच" म्हणून फोन ठेवला. समोर त्यांचं नाव माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं आणि त्याचं काय करायचं ते मला कळेना.

या गोष्टीला आता आठ आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं असा रिवाज आहे आणि पुष्पाताईंबद्दल चांगलं लिहायला काहीच कष्ट नाहीत. खडकीच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली बाई. वडील नागपूरकडून आलेले, संरक्षण खात्याच्या कारखान्यात कामगार. ह्या त्याच कारखान्याच्या ऑफिसात चिकटल्या आणि सुपरिंटेंडेंट होऊन बाहेर पडल्या. बोलणं थोडं आणि नेमकं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी पाऊण तास भाषण केलं की शेवटी विचारायच्या, "म्हणजे पाण्याची टाकी धुवायची की नाही?" निम्मी सोसायटी त्यांना वचकून असायची. पण मला लिहायचंय ते माझ्याबद्दल. ते चांगलं नाही, आणि दुसरं कुणी ते लिहिणारही नाही.

नऊ वर्षांपूर्वी त्या इथे राहायला आल्या आणि त्याच सुमाराला ह्या रविवारच्या जमण्याची टूम निघाली. कंपन्यांत नोकरी करणाऱ्या तरुण मंडळींनी तिला ब्रंच असं नाव दिलं. नाश्ता उशिरा करायचा आणि जेवण लवकर उरकायचं, एवढाच त्याचा अर्थ, असं आमचे हे म्हणाले. पहिल्या रविवारी पुष्पाताई पाटवडी घेऊन आल्या. बेसनाच्या वड्या आणि वर तर्री आलेला लालभडक रस्सा. झाकण काढल्याबरोबर भाजलेल्या खोबऱ्याचा आणि खसखशीचा असा वास सुटला की दारातली माणसं वळून बघायला लागली. वळून बघितलं, एवढंच. एकीचा त्या दिवशी उपास निघाला. एकीला पित्त झालं होतं. एकीला "इतकं तिखट नाही हो सोसत" होतं, आणि ही बाई मिसळीवर वरून कट मागून घेते. नव्या शेजारणीचं आडनाव तोवर सगळ्यांना कळलेलं होतं. आमच्याकडे आडनाव कळलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. राहुलने, एक-दोन मुलांनी आणि वॉचमनने खाल्लं. मी? मी म्हटलं, "घेते हं नंतर." नंतर मी खुर्च्या आवरायला लागले. दुपारी पुष्पाताई ते पातेलं दोन्ही हातांनी धरून जिना चढताना दिसल्या. लिफ्ट चालू होती, पण लिफ्टमध्ये माणसं होती.

पुढच्या महिन्याच्या यादीत मी त्यांच्या नावापुढे "फळं" लिहिलं.

मी तेव्हा स्वतःला असं सांगितलं की मी त्यांची पंचाईत टाळते आहे. बाईचा पुन्हा अपमान नको, बाकीच्यांनाही सबबी शोधायला नकोत, सगळ्यांचं भागतंय. खरं तर हा मार्ग मी शोधलेला नव्हताच. माझ्या सासूबाईंचा तो नियम होता. शिजवलेलं कुणाचंही चालत नाही, फळाला मात्र काही लागत नाही, फळ कुणाकडूनही घ्यावं. मी त्या नियमावर आयुष्यभर नाक मुरडलं, सासूबाईंशी त्यावरून भांडले, आणि गरज पडली तेव्हा तोच नियम अलगद उचलून यादीत मांडला. भांडणारी सून म्हणून मला स्वतःचं फार कौतुक होतं.

पहिल्यांदा त्यांनी फळं चिरून परातीत आणली. तीही तशीच राहिली. कुणीतरी, "अय्या, चिरून आणलीत का?" एवढंच म्हणालं. त्यापुढच्या महिन्यात त्या आल्या त्या कोबीचा एक भला मोठा गड्डा घेऊन, आणि त्या गड्ड्यात चहूबाजूंनी टोचलेल्या बांबूच्या काड्या. प्रत्येक काडीवर ओवलेली रंगीबेरंगी फळं. मुलांनी झडपच घातली. मुलांच्या मागे आया आल्या आणि आयांच्या मागे आज्याही. दहा मिनिटांत कोबी उघडा पडला. त्या दिवसापासून आमच्या रविवारी पुष्पाताईंच्या काड्या नाहीत असं कधी झालं नाही. मी तर सगळ्यांना सांगत सुटले, "बघा, कशी हौशी बाई आहे!"

मदत करायला म्हणून मी दर शेवटच्या रविवारी सकाळी आठला त्यांच्या स्वयंपाकघरात जायला लागले. आमची मैत्री तिथे झाली. दिसायला सोपं काम, पण त्यांची पद्धत ठरलेली होती. कलिंगडाचे आणि अननसाचे तुकडे आधी पंचावर पसरून निथळत ठेवायचे, नाहीतर काडीवरून पाण्याचे ओघळ येतात. सफरचंद लिंबाच्या पाण्यात. सगळ्यांत खाली पेरूची घट्ट फोड, म्हणजे वरचं घसरत नाही. मग अननस, पपई, कलिंगड, हिवाळ्यात स्ट्रॉबेरी, आणि टोकावर अख्खं द्राक्ष, मुलांच्या टाळ्याला टोचू नये म्हणून. काळं मीठ वेगळ्या वाटीत. केळं त्या कधी घ्यायच्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "केळं काळं पडतं. लोकांना निमित्त मिळतं." काडीचा खालचा दोन बोटं भाग मोकळा सोडायचा हा त्यांचा दंडक. मी एकदा भसाभस खालपर्यंत ओवलं तर त्यांनी सगळ्या फोडी काढून पुन्हा ओवल्या. "धरायला जागा ठेवा, वसुधाताई. बाकी कशाला हात लागायला नको." मी हसले. मला वाटलं, स्वच्छतेचं बोलताहेत.

नऊ वर्षांत त्या ओट्याशी उभं राहून आम्ही काय काय बोललो... त्यांचे यजमान गेले तेव्हाचे दिवस, माझ्या मुलीचं मोडलेलं लग्न, राहुलची नोकरी, माझे गुडघे. माझ्या सख्ख्या बहिणीला जे सांगितलं नाही ते मी पेरू चिरता चिरता त्यांना सांगितलं आहे. चहा तर दर वेळी व्हायचा. पण शेजारच्या शेगडीवर काहीतरी रटरटत असायचं, आणि ते त्यांनी मला एकदाही वाढलं नाही. एकदा मीच म्हटलं, "अहो, कसला सुंदर वास सुटलाय!" त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. म्हणाल्या, "आमच्यापुरतंच आहे." आवाजात राग नव्हता. मी मात्र घरी येऊन ह्यांना सांगितलं की पुष्पाताई मनाने छान आहेत, पण खायला घालायला जरा हात आखडताच.

नंतर एकदा, बहुधा चार-पाच वर्षांनी, मी विचारलं, "कंटाळा नाही येत तुम्हाला, दर वेळी फळंच?" त्या द्राक्षं धूत होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "फळाला नाही म्हणायला कुणाला काही सापडत नाही." नळ चालू होता. मी पुढचा पेरू घेतला आणि चिरायला लागले. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं, पहिल्या महिन्यापासून. यादी कुणी केली तेही, आणि का केली तेही. तेव्हा बोलायला हवं होतं. चुकलं, एवढं म्हणायचं होतं, नाहीतर सरळ पातेल्यावरचं झाकण काढून ताट मागायचं होतं. एवढी जवळीक होती आमच्यात. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, तशी मी ती झाकून ठेवली, आणि त्यांनीही ती उघडायला लावली नाही. त्या माझ्याशी पहिल्यासारख्याच बोलत राहिल्या. ते त्यांना कसं जमलं, मला माहीत नाही. मला जमलं नसतं.

आणि आता ओट्याशी झालेली शेवटची भेट. ती लिहायची म्हणून हे सगळं लिहिलं. त्या जाण्याआधीच्या महिन्यातला शेवटचा रविवार. काड्या टोचून झाल्या होत्या. पुष्पाताई हात पुसत म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात शेवटच्या रविवारीच माझा वाढदिवस येतोय. सत्तरावा." मी म्हटलं, "अरे वा!" त्यांनी पंचाची घडी घातली, पुन्हा उलगडली. एखादी गोष्ट मागताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, म्हणून ते मागणं आहे हे मला लगेच कळलंही नाही. म्हणाल्या, "म्हटलं, ह्या वेळी पाटवडी करावी. सगळ्यांसाठी."

मला एका क्षणात ते पातेलं दिसलं. बाईंचा सत्तरावा वाढदिवस, क्लबहाउस भरलेलं, आणि रस्सा तसाच. खरंच, मी त्यांच्याच काळजीने... नाही. हे खोटं आहे. मला अवघडलेपण नको होतं. माझा रविवार नीट पार पडायला हवा होता. मी हसून म्हटलं, "अहो पुष्पाताई, तुमच्या काड्यांशिवाय कसं चालेल? मुलं रडतील ना!" वेळ मारून न्यायला मी बँकेत शिकले आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग "बरं" म्हणाल्या आणि कोबी उचलला.

वाढदिवसाला पाच दिवस राहिले असताना त्या गेल्या.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम त्यांच्या घरीच झाला. भंतेजी आले होते, पांढऱ्या साड्यांतल्या खडकीच्या बायका आल्या होत्या. सोसायटीतूनही झाडून सगळे आले. फोटोपुढे फुलं वाहिली, हात जोडले, "फार हौशी होत्या हो" म्हणाले आणि जेवणाची पानं मांडायच्या आत एकेकाला कामं आठवली. मी थांबले. दोनदा वाढून घेतलं. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं आणि बघणारी जी होती ती फोटोत होती. स्वयंपाक केटररचा होता, चवीला बरा होता. नऊ वर्षं रविवार-रविवार त्या बाईच्या ओट्याशी उभी राहिले आणि तिच्या हातचं शिजवलेलं मी चहाशिवाय काही घेतलेलं नाही. आता मिळणारही नाही. ही गोष्ट आता कशानेही भरून येणार नाही, हे त्या ताटावर बसून मला स्पष्ट कळलं.

तरी माणूस वेडं असतं. त्या महिन्यातला रविवार रद्द झाला, पुढचाही कुणी काढला नाही. आता या महिन्याचा आला, तेव्हा मी ठरवलं की ह्या वेळी त्यांच्या घरून पाटवडी येईल. मी स्वतः सगळ्यांत आधी वाढून घेईन, आणि जिला पित्त होईल तिला माझ्या तोंडाने विचारीन, कसलं पित्त ते. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तेच, पण निघाले. जिना चढताना वाक्यंसुद्धा जुळवली होती.

दार सुनेने, स्नेहलने उघडलं. मी बसलेसुद्धा नाही. म्हटलं, "स्नेहल, रविवारी तुमच्याकडून पाटवडी आण. आईंसारखी."

ती मग म्हणाली, "काकू, मला नाही येत ती. आईंच्या किती वेळा मागे लागले शिकवा म्हणून. त्या म्हणायच्या, आपल्या घरापुरती मी करते तोवर करते. तू फळांचं शिकून घे. ह्या सोसायटीत तेवढं आलं की पुरतं." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. सासूने सांगितलं तेच ती सरळ सांगत होती. आतून तिची पाच वर्षांची मुलगी पळत आली आणि आईच्या कमरेला बिलगून माझ्याकडे टकामका बघायला लागली. स्नेहल म्हणाली, "ही पण शिकलीये. द्राक्षं हीच लावते."

मग तिनेच विचारलं, "किती काड्या करू, काकू?"

बोलायचं होतं. दारात उभी होते, समोर ती होती, ती पोर होती. सगळी वाक्यं पाठ होती.

मी म्हटलं, "चाळीस पुरतील."