घरपट्टीच्या खिडकीआड

घरपट्टीच्या खिडकीवर बसणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. लोक पावती घेऊन जातात आणि बोललेलं मागे ठेवून जातात. हैदराबादच्या कडेच्या एका छोट्या नगरपालिकेत मी अठ्ठावीस वर्षं त्या खिडकीआड काढली. रोज अंबरपेठेतून बसनं जायचं आणि संध्याकाळी डोकं भरून परत यायचं. आता रिटायर झालोय, तरी ते रिकामं होत नाही.

*

एकदा घरपट्टी वाढणार म्हणून चेअरमनसाहेबांनी लोकांची सभा बोलावली. दोन तास लोक बोलले. नळाला एक दिवसाआड पाणी, नाली तुंबलेली, मग वाढ कशाची? शेवटी इडलीची गाडी चालवणाऱ्या यादम्मानं विचारलं, वाढीव पट्टीत आम्हाला जास्तीचं काय मिळणार?

साहेब म्हणाले, "ही सभाच बघा ना. आधी कोणी विचारत होतं का तुम्हाला?"

लोक चहा पिऊन घरी गेले. नव्या दराची बिलं तीन दिवस आधीच छापून माझ्या कपाटात पडली होती. चहा मीच वाटत होतो.

*

सुलोचनाबाई रिटायर झालेल्या इंग्रजीच्या शिक्षिका. त्यांच्या गल्लीतला दिवा वर्षभर बंद. दिवाबत्तीचा कर घेता, मग दिवा कुठाय, असा अर्ज त्यांनी दिला. सुपरवायझर पाहणीला गेला तो भर दुपारी. त्यानं इंग्रजीत लिहिलं: पाहणीच्या वेळी गल्लीतले सगळेच दिवे बंद होते, दुपार असल्यानं त्यात दोष आढळला नाही.

तोवर त्याच गल्लीत अंधारात पडून बाईंचा खुबा मोडला होता. रिपोर्ट मीच घरी नेऊन दिला. त्यांनी पडल्यापडल्या वाचला, उशीखालचं लाल पेन काढलं, स्पेलिंगच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि कागद मला परत दिला.

*

लोकांनी मागितला म्हणून पार्क झाला. झोपाळे आले, घसरगुंडी आली, उद्घाटन झालं आणि गेटला कुलूप लागलं. नातवाला घेऊन आलेल्या एका आजोबांनी विचारलं, कुलूप कैकू?

वॉचमन म्हणाला, "खोले तो खराब हो जाता, साब."

त्याचं खरंच होतं. झोपाळे आजही नवेच आहेत. देखभालीचा खर्च मात्र दरवर्षी मंजूर होतो.

*

पुण्याहून आयटीत आलेला एक तरुण होता. शेजाऱ्याचा मजला याच्या बिलात लागला होता. त्यानं ऑनलाइन कम्प्लेंट केली. चौथ्या दिवशी मोबाइलवर मेसेज आला, तक्रार सोडवली. मजला बिलात तसाच. तो खिडकीवर आला, आवाज चढवून म्हणाला की आमच्या पुण्यात असलं चालवून घेत नाहीत. मी नवा फॉर्म दिला. असे फॉर्म तो तीन वर्षं भरत राहिला.

चौथ्या वर्षी आला तेव्हा रांग संपेपर्यंत बाजूला उभा राहिला. मग खिडकीशी वाकून हळूच म्हणाला, "काका, यासाठी कोणाला भेटावं लागतं?"

*

गंगाधररावांचं मात्र मी फारसं कुणाला सांगत नाही. अफझलगंजला त्यांचं पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं, घर आमच्या नगरपालिकेच्या हद्दीत. बायकोला भर पावसात उघड्यावर अग्नी द्यावा लागला, तेव्हापासून प्रत्येक सभेत ते एकच विचारायचे, स्मशानात शेड कधी? अखेर पैसे मंजूर झाले. चार खांब उभे राहिले, छप्पर काही आलं नाही. काम पूर्ण झाल्याची सही इंजिनिअरसाहेबांनी केली आणि बिल निघालं. पुढच्या सभांत गंगाधरराव छपराचं विचारायचे, इंजिनिअरसाहेब फाइल दाखवायचे.

सप्टेंबरात गंगाधरराव गेले. पाऊस थांबेना. गंगाधररावांच्याच कॉलनीत राहणारे, म्हणून इंजिनिअरसाहेबही आले होते. लाकडं पेट घेईनात. कोणीतरी टपरीचा पत्रा काढून आणला. चिता पेट घेईपर्यंत चौघांनी तो वर धरायचा ठरलं. तीन कोपऱ्यांना त्यांचे दोन शेजारी आणि मी होतो. गंगाधररावांचा मुलगा भास्कर साहेबांपाशी गेला आणि त्यांना चौथ्या कोपऱ्याशी घेऊन आला.

"पकडो साब," तो हळू म्हणाला. "शेड तो आपकाइच है."

लाकडांनी पेट घेतला. पत्रा तापायला लागला तसे आम्ही तिघं हात बदलत राहिलो. साहेबांनी हात बदलला नाही.