ऑस्ट्रेलियातला खून लातुरात उलगडला

मंडळी, आज दुपारी मी एक खुनी पकडला, तोही लातुरात घरी बसून.

मी आणि माझे दीर सध्या ऑस्ट्रेलियातली एक डिटेक्टिव्ह मालिका बघून राहिलोत. तिथल्या गावातही आपल्यासारखाच दुष्काळ. दरवेळी खुनी आधी भाऊजीच ओळखतात आणि मग दिवसभर मिरवतात. म्हणून आज पैज लावली. हरेल त्यानं टँकरचं सगळं पाणी एकट्यानं भरायचं.

भाऊजींचा संशय नोकरावर होता. मी म्हणाले, "न्हाई, शेजारीण हाय. ती म्हणते, महिनाभर परगावी होते. मग तिच्या दारातल्या कुंड्या एवढ्या टवटवीत कशा? अख्खं गाव कोरडं पडलंय. ती गावातच होती, तिनंच पाणी घातलं."

"वहिनी, फुलांवरून कुठं खुनी सापडतो का?" भाऊजी हसले.

शेवटी त्या गोऱ्या साहेबानं शेजारणीलाच बेड्या घातल्या आणि कारणही कुंड्यांचंच सांगितलं. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या.

आत्ता टँकर आलाय. भाऊजी गुपचूप घागरी भरून राहिलेत, आणि मी पायरीवर बसून लई समाधानानं हे लिहून राहिले. तुमच्या घरात खुनी आधी कोण ओळखतं?