चांगल्या पायाचं माप

माझ्या उजव्या पायातलं बळ लहानपणीच पोलिओनं गेलं. तो डाव्यापेक्षा आखूडही आहे. पाऊल टाकताना गुडघा हातानं दाबून धरावा लागतो, नाहीतर पाय मुडपतो. म्हणजे चालताना माझा एक हात कायम पायाच्या चाकरीत. लेकीला मी चालता चालता कधीच कडेवर घेतलं नाही. तिला सासूबाईंनी मिरवलं, जावेनं मिरवलं. आता ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, आणि मला नातवंड दोन्ही हातांत घेऊन चालायचं होतं. गावातल्या नर्सबाई म्हणाल्या, कॅलिपर म्हणून लोखंडी पट्ट्यांचा आधार मिळतो. तो बांधला की गुडघा मुडपत नाही आणि हात सुटतो.

भोकरदनला फुकट कॅलिपर देण्याचं शिबिर होतं. दीर सोबत आले. टेबलावरच्या साहेबानं माझ्याकडं पाहिलंच नाही. "यांना कधीपासून आहे?" असं दिरांना विचारलं, जणू पाय दिरांचा. दुखतं का, हेही त्यांनाच विचारलं.

"न्हाई, सवय हाय त्यांना," दीर म्हणाले.

माप घ्यायची जागा म्हणजे चारी बाजूंनी उघडा मांडव. दिरासमोर पाय उघडा करायची आमच्यात रीत नाही, आणि दीर तर काही हलेनात. मी साडी आवळून बसले. माप घेणाऱ्यानं थोडी खटपट केली आणि कंटाळला.

"राहू द्या ताई. तो वाकडा हाय, टेप बराबर बसत न्हाई. चांगल्या पायाचं घेतो."

"तो आखूड हाय," मी हळू म्हणाले.

"घ्या हो साहेब, जल्दी उरका," दीर म्हणाले. "दोन्ही पाय एकाच बाईचे हायेत."

दोन्ही पाय सारखे असते तर मी काय मांडव बघायला गेले असते? पण हे मनातच राहिलं. चार माणसांत माझा आवाज निघत नाही, आणि निघाला तरी त्यासाठी कोणी थांबत नाही.

वाटपाच्या दिवशी पाहुणे दुपार कलल्यावर आले. देवानं आम्हाला वेगळी शक्ती दिली आहे, असं म्हणाले. ती शक्ती बहुतेक उन्हात बसून राहायची असावी. मंचाला पायऱ्या होत्या. पांगळ्यांच्या कार्यक्रमाला पायऱ्या करायला किती अक्कल लागत असेल, देव जाणे. मला ओढत वर नेलं आणि साडीवरूनच कॅलिपर बांधला. तो चांगला चार बोटं लांब निघाला. उभं राहता येईना, तर दोन बायकांनी काखेत हात घालून धरलं आणि फोटो काढला.

तो फोटो गावच्या चौकात फ्लेक्सवर लागला. खाली लिहिलं, 'आता मी माझ्या पायावर उभी.' बाजूच्या बायका कापून टाकल्यात. नीट पाहिलं तर माझ्या काखेत त्यांची बोटं दिसतात.

"वयनी, वापरत का न्हाई?" दीर घरी म्हणाले. "फुकट भेटलं त खुंटीला टांगून ठेवलं."

"तुमच्या पायाला बांधून बघा भाऊजी."

जाऊ चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसली.

लेक सातव्या महिन्यात आली. मी कॅलिपर पोत्यात घातला आणि एकटीच एसटीनं पुन्हा भोकरदनला, शिबिरवाल्यांच्या ऑफिसात गेले. साहेब तोच.

"सोबत कोण आलंय?"

"पाय आणलाय," मी म्हणाले.

तेव्हा त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. मी तिथल्या नर्सला चादर धरायला लावली आणि आखूड पायाचं माप घ्यायला लावलं. वेळ किती लागला? एक चहा प्यायला लागतो तेवढा.

नात झाली. नंतर काही दिवसांनी फोन आला, कॅलिपर तयार आहे.

"लगेच निघते," मी म्हणाले.

"आज न्हाई ताई. पाहुण्यांची तारीख भेटली न्हाई आणखी. वाटप कार्यक्रमातच होतं."

"फोटो मंग काढा की. आधी द्या."

"तसं चालत न्हाई."

म्हणजे माझा गुडघा तिथं कपाटात बंद, आणि किल्ली पाहुण्यांच्या सवडीला टांगलेली.

सव्वा महिना झाला. जावई न्यायला आले. नातीला एसटीपर्यंत दिरांनी नेलं, वाटेत भेटेल त्याला तोंड दाखवत. मी मागून चालले, एक हात गुडघ्यावर, दुसऱ्यात दुपट्यांची पिशवी. चौकातल्या फ्लेक्सवर मी अजून उभीच होते.