वन्संची डबी

आयुष्यभर मुलांचे निबंध तपासणाऱ्या बाईने साठीनंतर स्वतः लिहावयास बसावे, हा आगाऊपणाच. वाचकांनी तो पोटात घालावा. परंतु हा देश जिभेने पाहिलेली व्यक्ती साऱ्या भूतलावर एकच, ती म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. आणि त्यांच्याविषयी दुसरे कोणी लिहील असे दिसत नाही.

टपाल खात्यातून निवृत्त होऊन पंचवटीत एकट्या राहणाऱ्या आमच्या वन्संना वेगवान गाड्यांचा मनस्वी तिटकारा. "जी गाडी गावाला थांबत नाही, तिला गावाचं काय कळणार?" असे म्हणत त्या नाशिकरोडहून सर्वांत रेंगाळणारी गाडी धरीत. सोबत बाजरीच्या भाकरी आणि ठेचा. सहप्रवाशाचे नाव विचारण्यापूर्वी त्या विचारीत, "जेवायला काय आणलंय?" मग देवघेव होई. "राजे येतात नि जातात, मास्तरीणबाई, आमटीत चिंच की आमसूल, हे मात्र कोणी हलवत नाही. इतिहास म्हणतात तो हा," असे मला सुनावीत. एकदा ग्वाल्हेरचा किल्ला पाहण्यास गेल्या, त्या फलाटावरच्या एका कुटुंबाकडून कचोरीचे पीठ भिजवायला शिकून तशाच परतल्या. "आणि किल्ला?" मी विचारले. "तो कुठे पळतोय?" तिकीट तपासनिसाच्या हातावरही त्यांनी तिकिटाआधी ठेचा ठेवला होता. तो बिचारा डोळे पुसत पुढची तिकिटे पाहावयाचीच विसरला, आणि भुसावळला उतरताना आईने दिलेले लाडू वन्संच्या ओंजळीत ठेवून गेला.

प्रत्येक प्रवासातील शेवटचा घास त्या स्टीलच्या एका डबीत माझ्यासाठी राखून आणीत. दोन-तीन दिवसांचा, कोणाच्या हातचा कोण जाणे. मी डबी घेई, आणि त्यांची पाठ वळताच मागील दारच्या चाफ्याच्या मुळाशी रिती करी.

"कसं लागलं?"

"वेगळंच होतं, वन्सं."

त्यांचा चेहरा असा उजळे, की खरे सांगण्याचे धैर्य मला कधी झाले नाही. चाफा मात्र देशभरचे खाऊन भलताच माजला.

गेल्या वर्षापासून वन्संना विस्मरण जडले आहे. प्रथम स्थानकांची नावे गेली, मग माणसांची, आता चवी. दर रविवारी मी पंचवटीत गेले, की ती रिकामी डबी माझ्या हाती देऊन म्हणतात, "माझं गेलं सगळं. बरं झालं, दर वेळी तुला दिलं. एकेक सांग, घाई नाही."

गेल्या रविवारी म्हणाल्या, "ते समुद्राकाठच्या गावचं, केळीच्या पानात बांधलेलं. ते कसं होतं गं?"

पान मला आठवते. दोऱ्याने नीट बांधले होते. मी गाठही सोडली नव्हती.

"आठवून सांगते," मी म्हणाले. त्यांनी समाधानाने मान हलवली.

आज शनिवार. उद्या मी त्यांना काय सांगू?