मामीचा पाठ झालेला तक्ता

माझ्या मामीइतकं दुसऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून पाहणारं माणूस उभ्या बंगळुरात नसेल, आणि त्यात प्रेमाचा भाग शून्य. ती डोळ्यांची डॉक्टर. एका लग्नात आशीर्वाद देता देता तिने नवरीची खालची पापणी ओढून पाहिली आणि "पालक खा गं," एवढाच आहेर केला. मी जे. पी. नगरहून दोन बस बदलून तिच्याकडे जेवायला जावं, तर आधी तोंडावर टॉर्च, मग पोळी.

चामराजपेटेतल्या नेत्र रुग्णालयाची ती प्रमुख. पण साडीतली बाई दिसली की पेशंट विचारायचेच, "अक्का, डॉक्टर कधी येणार?" मामी अर्ध्या कानडीत म्हणायची, "स्वल्प बसा," म्हणजे थोडं बसा. आत जायची, पांढरा कोट चढवून त्याच दारातून बाहेर यायची, "हं, आले. बोला!" हसायची खरी, पण तिला ते खुपत असणार. शस्त्रक्रिया शिकवायला ती हट्टाने मुली निवडायची. निपाणीच्या शिंप्याची सलमा त्यातलीच. "पोरांना शिकवायला गावभर लोक आहेत रे," ती मला म्हणायची.

दरवर्षी रुग्णालयातल्या प्रत्येकाने स्वतःचे डोळे तपासून घ्यायचे, हा नियम मामीचाच. ती अक्षरांच्या तक्त्यासमोर बसायची आणि शेवटची बारीक ओळसुद्धा घडाघडा म्हणायची. बाईंना तक्ता पाढ्यांसारखा पाठ आहे, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. यंदा सलमाने गुपचूप तक्ता बदलला. मामीने जुनाच म्हटला, तोही ठसक्यात!

तपासणीत मोतीबिंदू निघाला. "अगं, मला वाटायचं मी वाचतेच आहे," मामी पुटपुटली, आणि त्याच दिवशी तिने शस्त्रक्रिया थांबवल्या. नातेवाइकांनी महादेवपुऱ्यातला मोठा सर्जन सुचवला. मामी म्हणाली, "सलमाच करेल. नाहीतर इतकी वर्षं मी शिकवलं काय, डोंबल?" सलमा रडवेली झाली. "मॅडम, तुमच्यावर माझा हात चालायचा नाही." "माझ्याकडे बघूच नकोस. मोतीबिंदूकडे बघ."

पट्टी निघाली त्या दिवशी मी मामीला आणायला गेलो होतो. ती बाकावर बसली होती, गॉगल लावून. सलमा कोट न घालताच बाहेर आली. मामीशेजारच्या आजोबांनी तिला विचारलं, "अक्का, डॉक्टर कधी येणार?" सलमा "स्वल्प बसा" म्हणून आत वळणार, तोच मामी कडाडली, "आल्यात की! ह्याच डॉक्टर. माझा डोळा ह्यांनीच केलाय."

आणि गॉगलखालून पाणी ओघळलं.

"मॅडम, रडायचं नाही हं. डोळा ओला नाही करायचा," सलमा म्हणाली.

हेच वाक्य मामी जन्मभर इतरांना दटावून सांगत आली. त्या दिवशी मात्र तिने डॉक्टरांचं काही ऐकलं नाही.